अर्धा वॉट, सोनेरी पट्टा

यंत्राला घाबरायचं नसतं! यंत्र म्हणजे शेवटी काय? चार तारा, सहा टाके आणि वर एक झाकण! हे मी आष्टीच्या शाळेत नववीच्या पोरांना अकरा वर्षं सांगत आलो होतो. मी विज्ञानाचा मास्तर. नुसता फळ्यावरचा नव्हे, तर खिशात पेचकस बाळगणारा! शेजारच्या डोमाजीचा टेबलफॅन मीच दुरुस्त केला होता. त्यानंतर तो उलटा फिरायला लागला आणि समोरची हवा ओढून मागच्या भिंतीवर सोडू लागला, हे कबूल. पण फिरत होता ना? डोमाजीनं खुर्ची उचलून भिंतीकडे नेली, विषय संपला!

तर अठ्ठ्याहत्तर सालचा मे महिना. शाळेला सुटी. उन्हानं माणसाचं भरीत व्हायची वेळ. अशा भर दुपारी माझा मेहुणा रूपराव पुलगावहून एसटीनं आला. अंगावर घामानं चिकटलेला सदरा, पाठीला गिटार, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली एक लाकडी पेटी. आजारी माणसाला दवाखान्यात नेतात ना, तशी!

"भाऊजी," दारातच तो रडवेला झाला, "पेटी मेली!"

रूपराव दिवसा गिरणीत कामाला आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात विजेची गिटार वाजवायचा. ही पेटी म्हणजे त्या गिटारीचा ॲम्प्लिफायर. तारेला बोट लागलं की आवाज या पेटीतून निघायचा. पेटी नसेल तर ती गिटार म्हणजे नुसती लाकडाची फळी! कितीही छेडा, वाजवणाऱ्याला स्वतःलासुद्धा धड ऐकू येत नाही.

"कशी मेली?" मी डॉक्टरी आवाजात विचारलं.

"प्रॅक्टिस चालू होती, टिनाच्या खोलीत. एकदम वास आला अन् बंद!"

"पेटीवर काही ठेवलं होतंस?"

तो खाली बघायला लागला. "बनियान."

"बनियान?"

"ओलं होतं भाऊजी. पेटी गरम राह्यते ना मागून, मंग मी वाळू घातलं. टावेल बी होता. दोन मोजे बी."

म्हणजे मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर जायची, तिथंच यानं धोब्याचा घाट मांडला होता!

माझी बायको विमल पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि भावाचं तोंड बघून तिचंही पडलं. मग खरी गोष्ट कळली. रविवारी तळेगावला एक लग्न होतं आणि तिथं रूपरावचा ऑर्केस्ट्रा होता. त्याच लग्नाला तळेगावचे लक्ष्मणराव येणार होते. लक्ष्मणरावांची मुलगी पंचफुला रूपरावला सांगून आलेली. पत्रिका जुळली, घरदार पसंत पडलं, फक्त लक्ष्मणरावांनी निरोप पाठवला होता, 'पोरगा कायतरी वाजवते म्हणतात. एकदा वाजवताना पाहतो, मंग सांगतो.' याआधी रूपरावची दोन स्थळं हुकलेली. त्यात पंचफुलाला त्यानं एकदा बाजारात लांबून पाहिलं होतं, तेव्हापासून त्याचं कामात लक्ष नव्हतंच.

"माह्या भावाचं लग्न आता तुमच्या हातात हाय!" विमल म्हणाली.

"झालं समज!" मी पेचकस काढला.

मंडळी, तो पेचकस मी काढायला नको होता.

पेटीचं मागचं झाकण उघडलं. आतून जळक्या पापडाचा वास आला. पहिल्याच बोटाला असा झटका बसला की मी उडून तांदळाच्या पोत्यावर बसलो!

"पिन काढली नाई का जी?" विमल ओरडली.

"काढली आहे! काढली आहे!" मी हात झटकत म्हणालो. "कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो. मला माहीत होतं!"

"मंग हात काऊन लावला?"

"खात्री करायला!"

यानंतर विमलनं मला हातभर लांबीचं लाटणं आणून दिलं आणि पुढची तपासणी मी लाटण्यानं केली. काचेचे व्हॉल्व्ह धड होते. एका कंडेन्सरमधलं मेण वितळून खाली ओघळलं होतं, देवापुढच्या मेणबत्तीसारखं. ते मी चमच्यानं खरवडून, गरम करून परत त्यातच भरलं. आपण काही वाया घालवत नाही! पण खरा रोगी वेगळाच होता. एक रेझिस्टन्स जळून काळा पडला होता.

रेझिस्टन्स म्हणजे शेंगदाण्याएवढा तुकडा असतो. त्यावर रंगीत पट्टे असतात, आणि पट्ट्यांच्या रंगावरून तो किती ताकदीचा हे कळतं. इथं मात्र उष्णतेनं सगळे पट्टे करपलेले. मी चष्मा लावला, काढला, परत लावला. शेवटी विमलला हाक मारली. साडीवर पोलकं जुळवताना तिची नजर दुकानदाराला घाम फोडते, हे मला ठाऊक होतं.

तिनं तो तुकडा खिडकीत नेऊन उन्हात धरला. "पह्यला कत्थई."

"कत्थई असा रंग पुस्तकात नाही!"

"मंग तुमचं पुस्तक चुकलं. थांबा... खालून हळदीचा दिसते. जळकी हळद."

"म्हणजे पिवळा! दुसरा?"

"वांग्याचा."

"जांभळा! तिसरा?"

"संत्र्याचं साल वाळलं की होते ना, तसा. अन् काठ सोनेरी हाय."

"पिवळा, जांभळा, नारिंगी!" मी उडीच मारली. "सत्तेचाळीस हजार!"

विमल दचकली. "कायचे?"

"ओहम!"

"मंग ठीक हाय," म्हणून ती भाकरी टाकायला गेली.

आता असा रेझिस्टन्स आष्टीत कुठला मिळायला! त्यासाठी वर्धेलाच जायला हवं. माझं नशीब थोर, डोमाजी त्याच दिवशी कुणाच्या तरी साखरपुड्याला वर्धेला निघाला होता. मी वहीचं पान फाडलं आणि घाईघाईत चिठ्ठी लिहिली: 'पिवळा, जांभळा, नारिंगी. सोनेरी पट्टा. अर्धा वॉट. नग चार.' अर्धा वॉट हे त्याचं माप. एक लागणार होता, पण आपण चार सांगितलेले बरे!

वर 'रेझिस्टन्स' असं लिहायला हवं होतं, हे आता तुम्ही मला सांगू नका. जाणकार दुकानदाराला रंग पुरे, असं मला वाटलं.

"दुकान कोणतं मास्तर?" डोमाजीनं चिठ्ठी टोपीत खोचली.

"मोठ्या रस्त्यावर, घड्याळवाल्याच्या बाजूला. कुणालाही विचार!"

घड्याळवाल्याला दोन बाजू आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. उजव्या बाजूला रेडिओचं सामान मिळतं. डाव्या बाजूला कापड!

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी मी दाढी करून घरी आलो, तर घरात चिडीचूप. रूपराव कोपऱ्यात उगाच गिटार पुसत बसलेला. विमल सतरंजीच्या मध्यभागी. तिच्यापुढे कापडाचे बारा तुकडे ओळीनं मांडलेले. चार पिवळे, चार जांभळे, चार नारिंगी. सगळ्यांना सोनेरी काठ!

"डोमाजी देऊन गेले," विमल म्हणाली. हा आवाज मी लग्नानंतर फक्त दोनदा ऐकला होता. "तुमी मंगवलं म्हणे."

"मी? मी तर अर्धा वॉट..."

"हाव. अर्धा वारच हाय. मोजलं मी."

माझी चिठ्ठीही तिनं पुढे टाकली. आता माझं अक्षर काय आहे हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारा! त्या 'वॉट'चा मला स्वतःलासुद्धा 'वार' दिसला.

"दुकानदार त्याईले म्हणे, अर्ध्या वारात कायीच होत नाई. डोमाजी म्हणे, मास्तरनं लिवलं तेच दे." विमलनं एक नारिंगी तुकडा उचलून माझ्यासमोर ताणून धरला. "माह्यं पोलकं तर याच्यात होत नाई. मंग कोनाचं होते? अर्ध्या वारात पोलकं बसन अशी बाई आष्टीत एक बी नाई. मी सकाळपासून साऱ्याईले मनात मोजून राह्यली!"

"अगं, काय बोलतेस? हे पेटीसाठी होतं!"

"पेटीले पोलकं?"

"तसं नव्हे गं..."

बोलता बोलता मी थांबलो, कारण विमलचा चेहरा हळूहळू बदलायला लागला होता. कपाळावरच्या आठ्या गेल्या. डोळे मोठे झाले. तिनं पिवळ्याच्या शेजारी जांभळा ठेवला, जांभळ्याशेजारी नारिंगी.

"पेटीले गवसणी!" ती म्हणाली. "रूपरावच्या पेटीले नवी गवसणी! लग्नात चांगली दिसावी म्हणून! बाप्पा, मंग मले आधी काऊन नाई सांगतलं?"

इथं खरं बोलायची संधी होती. पण समोर सुटका दिसत असताना दुसरीकडे बघणारा माणूस मी नव्हे.

"तुला चकित करायचं होतं," मी म्हणालो.

विमलनं लगेच शिलाई मशीनवरचं झाकण काढलं. रूपराव उठून माझ्या पाया पडला!

गवसणीचं झालं, पण रेझिस्टन्सचं काय? वर्धेची दुकानं शनिवारी बंद, म्हणजे परत जाऊन आणायला वेळ नव्हता. मशीन खडखडत होतं, विमल खुशीत गुणगुणत होती, आणि माझं लक्ष गेलं आमच्या घरच्या रेडिओकडे. मी तो हळूच मागून उघडला. आणि काय सांगू! आत अगदी ठळक पिवळा, जांभळा, नारिंगी आणि सोनेरी पट्टा! जुळा भाऊ भेटावा तसा! मी तो कापून काढला, पेटीत बसवला, रेडिओ परत जागेवर ठेवला आणि वर विमलचा क्रोशाचा रुमाल नीट पसरला. रेडिओ त्या दिवसापासून मुका झाला. विमलला मी सांगितलं, उन्हाळ्यात स्टेशनं येत नाहीत.

शनिवारी संध्याकाळी पेटी जोडली. रूपरावनं देवाचं नाव घेतलं आणि तार छेडली.

असा आवाज निघाला, असा आवाज निघाला, की डोमाजीची म्हैस दावं तोडून थेट बाजाराच्या मैदानात गेली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रूपरावच्याही आलं. डोमाजीच्या डोळ्यांतही आलं, पण ते म्हशीमागे पळून पळून.

"भाऊजी, तुमी विंजिनियर व्हाले पाह्यजे होतं!"

"आहेच की!" मी म्हणालो.

तेवढ्यात विमल गवसणी घेऊन आली. तिरंगी पट्टे, चारी बाजूंनी सोनेरी काठ, आवाज यायला फक्त पुढून मोकळी. आणि मागं बांधायला अठरा बंद! मागच्या जाळीवर, बरोबर जिथून गरम हवा बाहेर पडायची, तिथं तिनं दुहेरी कापड लावून त्यावर रेशमाचा हिरवा पोपट काढला होता.

मला कळलं होतं. नववीच्या पोरालाही कळलं असतं. पण गवसणी माझी कल्पना! आता कुठल्या तोंडानं म्हणू की पोपटाला भोकं पाड?

"छान आहे," मी म्हणालो. "पोपट तर बोलेल असं वाटतं."

रविवारी दुपारी आम्ही एसटीनं निघालो. पेटी टपावर. गवसणीसकट! तळेगावला उतरवली तेव्हा ती तव्यावरून काढल्यासारखी भाजत होती. रूपरावनं ती उपरण्यात गुंडाळून मांडवात नेली. "कार्यक्रमात तरी गवसणी काढून ठेवू," असं मी विमलच्या कानाशी लागलो.

"अन् मंग शिवली कायले?" ती म्हणाली. "साऱ्या बाया पाहून राह्यल्या. मी सांगतलं बी, आमच्या यायनं स्वतः रंग पसंद केले!"

ऊन उतरलं आणि ऑर्केस्ट्रा सुरू झाला. पहिल्याच रांगेत लक्ष्मणराव. भरघोस मिशा, पांढरं धोतर, हातातल्या काठीवर दोन्ही तळवे. माणूस हसतो की नाही याचा काही अंदाजच येईना. बायकांमध्ये पंचफुला, डोक्यावरचा पदर नीट करत.

पहिलं गाणं अर्धं झालं. पेटी खणखणीत. लक्ष्मणरावांची भुवई वर गेली. दुसऱ्या गाण्याला आवाज जरा जड झाला, तोंडात गरम भजं धरून कुणी बोलावं तसा. मी खुर्चीवरून उठलो. तिसऱ्या गाण्याला मी मंचामागं पोहोचलो आणि बघतो तर पोपटाच्या चोचीतून धूर!

मी बंद सोडायला लागलो. एक सुटला, दोन सुटले. विमलची गाठ म्हणजे काय हे सांगून कळणार नाही. चौथ्या गाठीला पेटीनं 'भुंऽऽ' केलं, मग 'फुस्स' केलं, आणि गप्प झाली.

रूपरावनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं! गिरणी, तळेगाव, पंचफुला, सगळंच होतं. मी हातानं खूण केली, वाजव! थांबू नको, वाजव!

आणि धन्य त्या पोराची! त्यानं डोळे मिटले, मान डोलावली आणि वाजवत राहिला. हार्मोनियम वाजत होती, ढोलकी वाजत होती, बाकीचे गात होते. या सगळ्यांच्या मधे रूपराव तल्लीन होऊन, घाम गाळत, बोटांची कमाल करत एक फळी खाजवत होता. तब्बल पाच गाणी! मी पेटीमागं उकिडवा बसून सुपानं वारा घालत होतो आणि पुन्हा कधी पेचकस हातात धरणार नाही, अशी शपथ घेत होतो. माझ्या चुकीनं त्या पोराचं लग्न मोडणार होतं. चेष्टेची गोष्ट नव्हती ती.

कार्यक्रम संपला. लक्ष्मणराव उठले आणि काठी टेकत सरळ मंचाकडे आले. रूपराव उभा राहिला. मी पेटीमागून बाहेर आलो, हातात सूप तसंच. विमल बायकांमधून धावत आली.

"मास्तर तुमीच का?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"हे पोरगं इतका वेळ वाजवून राह्यलं. मी कान लावून बसलो. मले तर कायी ऐकू नाई आलं."

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. "लक्ष्मणराव, चूक माझी आहे. पोरगा चांगला वाजवतो. पेटी मी दुरुस्त केली होती, आणि..."

"थांबा!" त्यांनी काठी वर केली. "मी काय सांगतो ते ऐका. आमच्या रुख्माबाईनं, म्हणजे पंचफुलाच्या मायनं मले सांगतलं होतं, का पोरगा विजेवर वाजवते अन् सारी गल्ली उठवते. मी तं आज नाईच म्हणाले आलतो! पह्यल्या गाण्याले म्हटलं, घ्या, खरंच हाय. कान फाटले माहे. पण मंग पोरगं आपलं आपलं वाजवत बसलं. ना कोनाले त्रास, ना गडबड. एवढा शांत पोरगा मी पाह्यला नाई!"

रूपरावनं तारेवरचं बोट हळूच काढून घेतलं.

"पोरगा पसंद हाय," लक्ष्मणराव म्हणाले आणि पहिल्यांदा मिशीत हसले. मग त्यांनी गवसणीकडे बघितलं. "अन् हे पोपटाचं कापड बी झकास हाय."

मागं पंचफुला पदर तोंडात धरून इतकी हसत होती की तिला सगळं कळलंय हे कुणीही ओळखलं असतं. त्या हसण्यानं रूपराव पेटीहून जास्त तापला.

श्रावणाच्या आधीच लग्न उरकलं. पेटी रूपरावनं नागपूरला नेली. तिथल्या कारागिरानं आतला रेझिस्टन्स बघितला आणि विचारलं म्हणे, "हा कोणी लावला?" जळालेल्या तुकड्याचे रंग उष्णतेनं बदललेले असतात, ते बघून काही ठरवायचं नसतं, मीटर लावायचं असतं, असं त्यानं सांगितलं. मला हे माहीतच होतं, फक्त त्या दिवशी आठवलं नव्हतं. पेटी आता एकदम ठणठणीत झाली, असं रूपरावनं कौतुकानं कळवलं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मला तळेगावहून पोस्टकार्ड आलं. लक्ष्मणरावांचं. मी ते वाचलं, विमलला वाचून दाखवलं, आणि शपथ बाजूला ठेवून पेचकस शोधायला लागलो. कार्डावर लिहिलं होतं:

'मास्तर यांस नमस्कार. जावई दिवाळसणाला आठ दिवस येणार आहेत. सोबत पेटी आणणार आहेत. ती नागपूरला बिघडली असून फार वाजते असे कळते. तरी आधी आष्टीला पाठवतो. आपण कृपा करून पहिल्यासारखी दुरुस्त करून द्यावी.'